चेहऱ्याची कातडी : थोडा जुना इतिहास, थोडा घरचा

स्मरणिकेत यंदा इतिहासावर एक लेख हवा असे ठरले आणि तो माझ्या वाट्याला आला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शाळेत इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या, तेवढाच माझा परिचय. म्हणून मी आधी नको म्हटले. तेव्हा आमच्या जाऊबाईच म्हणाल्या, “माझ्या तोंडाचं जे झालं त्याच्यावर लिही. नाव घालू नकोस, पण लिही. दुसऱ्या एखादीचं तरी वाचंल.” त्यांच्या या शब्दाखातर हा लेख लिहिला आहे. यातील जुनी माहिती अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकणाऱ्या माझ्या पुतणीने मला समजावून सांगितली. चार-पाच रविवार ती वही घेऊन माझ्यापुढे बसली. चूक राहिली असेल तर ती माझ्या समजुतीची.

आधी घरचे सांगते. जाऊबाई पन्नाशीला टेकल्या आहेत. लग्न झाल्यापासून चौदा हंगाम त्यांनी ऊस तोडला. दिवाळी सरली की गाडीत संसार भरायचा आणि पार उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडात राहायचे, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला नवे नाही. चौदा वर्षांचे ऊन त्यांच्या चेहऱ्यावर बसले. गाल उतरले, हनुवटीखाली कातडी लोंबली. मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांकडची एक बाई सहज बोलून गेली, “ही नवरीची आजी का?” बोलणारी बोलून गेली. जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढे कोणीतरी सांगितले की शहरात एका ब्युटी पार्लरमध्ये सुई देऊन गाल वर उचलतात, कापाकापी नाही, अर्ध्या तासात घरी. पैसे कमी पडत होते. त्या महिन्याची भिशी मला लागली होती, ती मी दिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण दोष एकट्या जाऊबाईंचा नव्हता. मीच म्हटले होते, “जाऊबाई, करूनच टाका.”

पंधरा दिवसांत उजव्या गालात सुपारीएवढी गाठ आली. लाल, ठणकणारी. पुतणीने पहिला प्रश्न विचारला, “काकू, सुईत औषध कोणतं होतं?” आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. बाटली आम्हाला कोणी दाखवली नव्हती आणि आम्हीही विचारले नव्हते. पार्लरवालीला फोन लावला तर तिने उचलला नाही. मोठ्या दवाखान्यात सात महिने उपचार झाले. गाठ बरीच बसली, थोडी अजून हाताला लागते.

तेव्हापासून माझ्या मनात आले की बायकांनी आणि पुरुषांनी चेहऱ्याच्या कातडीशी असे खेळ केव्हापासून मांडले असतील? शोधायला गेले तर मूळ थेट आपल्या पुण्यात सापडले.

कातडी एका जागेची काढून दुसऱ्या जागी जोडण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन तुटलेले नाक बसवण्याची रीत सांगितली आहे. नाकाचे माप झाडाच्या पानावर घ्यावे, असेही तेथे लिहिले आहे. ही विद्या पोथीत राहिली तशी हातातही राहिली. इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्या लढाईत, १७९२ साली, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिले.

ते कसे केले हे ऐकून मला फार नवल वाटले, कारण त्यातले निम्मे सामान आपल्या घरातले आहे. आधी मेणाचा पातळ पापुद्रा करून तो नाकाच्या जागी बसवला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. शिंपी कागदाचा बेत करून कापड बेततो, तसेच. तेवढी कपाळाची कातडी सोडवली, पण दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी न कापता ठेवली, म्हणजे रक्त चालू राहते. ती कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. वरून पाण्यात भिजवलेल्या काथाच्या पट्ट्या एकावर एक घातल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी लावली. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून टाकली.

थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स तेव्हा पुण्यात होता. त्याने कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही सगळी हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टराने वीस वर्षे विचार केला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही रीत सगळ्या युरोपात गेली. आजही डॉक्टर तिला ‘भारतीय पद्धत’ म्हणतात.

पाहणाऱ्यांची नावे राहिली, चित्र काढणाऱ्याचे राहिले, ज्याचे नाक बसले त्याचेही राहिले. ज्याच्या हातांनी हे झाले त्या कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आपण बायका रोज असे काम करतो की ज्यावर नाव राहत नाही, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली.

आता सैल कातडी वर ओढण्याकडे वळू. १९०१ साली बर्लिनमध्ये युजेन होलेंडर या डॉक्टराने पोलंडच्या एका बड्या घरच्या बाईच्या कानापाशी थोडी कातडी कापून चेहरा ताणून दिला. तिनेच तसा हट्ट धरला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. पण या कामात खरे नाव झाले ते एका बाईचे. तिचे नाव सुझान नोएल. फ्रान्समध्ये १८७८ साली जन्मली, लग्नानंतर डॉक्टरकी शिकली. पहिल्या महायुद्धात तोंड फुटलेल्या शिपायांवर तिने उपचार केले. नंतर पॅरिसमध्ये राहत्या घरीच ती छोट्या शस्त्रक्रिया करी. तेवढीच जागा बधिर करायची, कातडी चिमटीत धरून किती सैल आहे ते मापायचे, केसांच्या आड लहानसा तुकडा काढून टाके घालायचे. बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जाई.

तिच्याकडे हौशी श्रीमंत बाया येत, तशा नोकरी करणाऱ्याही येत. चेहरा उतरला की दुकानातून, कचेरीतून बाईला काढून टाकीत. पुरुषाचे पिकलेले केस अनुभवाचे आणि बाईचे पिकलेले केस निरुपयोगाचे, हा न्याय तेथेही होता. त्या बाईची भाकर टिकावी हाही आपल्या कामाचा हेतू, असे सुझान नोएल मानी. १९२६ साली तिने या शस्त्रक्रियेच्या समाजातील कामगिरीवर पुस्तक लिहिले. आणि भगिनींनो, १९२४ साली तिने पॅरिसमध्ये बायकांचे एक मंडळ काढले. ‘सोरॉप्टिमिस्ट’ या बायकांच्या संस्थेची ती युरोपातल्या सुरुवातीच्या शाखांपैकी एक. चेहऱ्याचे टाके घालणारी बाई बायकांना संघटितही करीत होती, हे वाचून मला आपले मंडळ आठवले. १९५४ साली ती वारली.

आता जाऊबाईंच्या गाठीचा इतिहास. १८९९ साली व्हिएन्नात रॉबर्ट गेर्सुनी या डॉक्टराने मेणासारखे पॅराफिन पातळ करून सुईने शरीरात घालण्याची रीत काढली. बघता बघता ती सुरकुत्यांसाठी आणि नाकासाठी पसरली. कापायचे नाही, टाके नाहीत, लगेच फरक. काही वर्षांत त्या मेणाच्या गाठी होऊ लागल्या, मेण जागा सोडून खाली उतरू लागले, कातडी फुटू लागली. ग्लॅडिस डीकन नावाची त्या काळची प्रसिद्ध सुंदर बाई. तिने नाक सरळ व्हावे म्हणून पॅराफिन घालून घेतले. ते घसरून तिचा चेहरा जन्माचा बिघडला. पुढे जाणत्या डॉक्टरांनी ते टाकून दिले. सव्वाशे वर्षे झाली. सुई तीच, अर्ध्या तासात घरी जाण्याचे आमिष तेच, आणि बाटलीत काय आहे ते न विचारणाऱ्या आम्हीही त्याच.

आजच्या औषधांवर सरसकट ठपका ठेवणे मात्र खरे होणार नाही. पुतणीने मला एकेकाचे मूळ सांगितले. ‘बोटॉक्स’ मुळात खराब झालेल्या मांसाच्या सॉसेजमधले विष. जर्मनीत १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या डॉक्टराने त्याचा अभ्यास केला. अमेरिकेत ॲलन स्कॉट यांनी त्याचा अगदी सूक्ष्म अंश तिरळ्या डोळ्यांसाठी वापरला आणि १९८९ साली त्याला तिकडच्या सरकारची मान्यता मिळाली. कॅनडात जीन करुदर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या रोगी बाईने १९८७ साली सांगितले की सुई दिल्यावर कपाळावरची आठीही जाते. त्यांचे यजमान कातडीचे डॉक्टर. दोघांनी मिळून अभ्यास केला आणि २००२ साली आठ्यांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता आली. पण ते आठी सैल करते. लोंबलेला गाल ते उचलीत नाही, आणि तीन-चार महिन्यांत उतरते.

गाल भरायला ‘फिलर’ असतो. त्यातले हायलुरॉनिक ॲसिड १९३४ साली गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे काढले गेले. ते आपल्या कातडीतही असते, आणि बिघडले तर ते विरघळवण्याचे औषध आहे. पण सुईत तेच होते हे माहीत असेल तरच त्याचा उपयोग. आमचे घोडे तेथेच अडले. तिसरा प्रकार काटेरी दोऱ्यांचा. कातडीखाली दोरा ओवून ती वर ओढायची. रशियात १९९० नंतरच्या दशकात तो पुढे आला. आता बहुतेक विरघळणारे दोरे वापरतात, म्हणून गुणही थोड्या काळाचा. ध्वनीच्या लहरींनी कातडी आतून तापवून आवळण्याचे यंत्रही २००९ पासून आहे. यातले काहीच कायमचे नाही, आणि फार लोंबलेल्या कातडीला शस्त्रक्रियेचाच गुण येतो. रक्तवाहिनीत चुकून फिलर गेला तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. म्हणून हे काम शिकलेल्या, नोंदणी असलेल्या डॉक्टराचेच. पार्लरवालीचे नव्हे.

मग हे सारे नुसते नखरे म्हणावेत का? मलाही आधी तसेच वाटे. पण माझ्या आजीची एक चुलत बहीण होती. तिला महारोग झाला होता. गोळ्यांनी ती बरी झाली, रोग पुरता गेला. परंतु या रोगात चेहऱ्याची कातडी सुजते आणि बरे झाल्यावर सैल पडते, भुवया जातात, नाक बसते. तिशीतली बाई सत्तरीची दिसते. रोग गेला तरी चेहरा चुगली करी, म्हणून लोक तिच्या हातचे पाणी पीत नसत. शेवटपर्यंत ती वेगळ्या खोपीत राहिली.

डॉ. नोशीर अंटिया इंग्लंडमध्ये सर हेरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले. गिलीज यांनी पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे चेहरे नीट केले होते. मनात आणते तर अंटियांनी फक्त श्रीमंतांची तोंडे ताणली असती. पण ते पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि बरे झालेल्या रोग्यांची नाके, भुवया, चेहरे नीट करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी हे काम वाढवले. सैल कातडी कापून ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया अशा रोग्यांवरही होऊ लागली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ साली ते वारले. खेड्यातल्या थोड्या शिकलेल्या बायका आरोग्याचे काम उत्तम करतात, हेही त्यांनी करून दाखवले. ते वाचले तेव्हा माझी सातवी मला थोडी मोठी वाटली.

माझी आजी तिच्या त्या बहिणीला पुण्याला घेऊन गेली असती तर? पण आमच्या घरात तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हते.

म्हणून, भगिनींनो, कोणी चेहरा नीट करू म्हटले तर तिला हसू नका. तिला काय सलते ते आपल्याला ठाऊक नसते. मात्र तिच्याबरोबर जा आणि तीन गोष्टी विचारा. सुई देणारा डॉक्टर आहे का, त्याचा नोंदणी क्रमांक कोणता? औषधाचे नाव काय? बाटलीवरची चिठ्ठी आमच्या कागदावर लावून द्याल का? उत्तर मिळाले नाही तर चपला घालून सरळ घरी या. फुकटचा उपायही सांगते. कातडी सैल करणाऱ्यांत वयानंतर ऊन आणि तंबाखू मोठे. उन्हात पदर पुढे ओढा आणि मशेरीचा डबा फेकून द्या. मी गेल्या पाडव्याला फेकला. दोनदा उकिरड्यावरून परत आणला, तिसऱ्यांदा फेकला तो गेला.

भिशीचे पैसे जाऊबाई हप्त्याहप्त्याने फेडत आहेत. मी नको म्हणते, त्या ऐकत नाहीत. मंडळाच्या फोटोच्या वेळी त्या उजवा गाल लपवीत मागच्या रांगेत उभ्या राहत होत्या. त्यांना पुढे खुर्चीवर बसवावे, अशी माझी अध्यक्षाबाईंना विनंती आहे. हा लेख वाचून दाखवला तेव्हा मी त्यांना तसे म्हटले. त्या म्हणाल्या, “बघू. पातळ कोणतं नेसू ते सांग आधी.”