हाताखालचे हात

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फळा, गुरुजी आणि समोर बसलेली मुले एवढेच चित्र उभे राहते. त्या चित्राच्या कडेला आणखी कोणी उभे असते. इतिहासाने त्याची दखल फार थोडी घेतली आहे.

१७८९ साली अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासेत सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा प्रमुख झाला. तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. त्याचे पगारी शिक्षक ही रीत उचलीनात; तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलालाच धाकट्यांना शिकवावयास बसविले. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने १७९८ पासून अशीच पद्धत चालविली आणि १८०६ साली न्यूयॉर्कच्या मोफत शाळेने ती स्वीकारली. शिक्षक एक, मुले शेकडो. मधले काम मोठी मुले करीत. या पद्धतीची थोरवी कशात? तर ती स्वस्त पडे!

त्याच न्यूयॉर्कमध्ये दीडशे वर्षांनंतर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९६५ च्या कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला आणि वर्गात मदतीला वस्तीतल्याच स्त्रिया तासांच्या मजुरीवर घेण्यात आल्या. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय व पोर्तो रिकोच्या माता होत्या. अडखळत वाचणाऱ्या मुलाशेजारी बसणे, घर आणि शाळा यांमध्ये दुभाषी होणे, हे त्यांचे काम.

१९६८ साली तेथील शिक्षकांनी वस्तीच्या शाळा-मंडळाविरुद्ध संप केला, तेव्हा यांतील पुष्कळजणी संप मोडून शाळेत गेल्या. तरीही १९६९ साली त्यांनी मतदानाने शिक्षकांचीच संघटना निवडली. १९७० साली शिक्षकांनीही जुना राग गिळून त्यांच्यासाठी संपाच्या बाजूने कौल दिला. ऑगस्टमध्ये करार झाला: पगार वाढला, भरपगारी रजा मिळाली, महाविद्यालयात शिकण्याची सोय झाली. पुढे त्यांतल्या अनेकजणी स्वतः शिक्षिका झाल्या.

हे परक्या मुलखातले म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे १९७५ साली अंगणवाडी सुरू झाली. तेथील मदतनीस बाईंना जे मिळते त्यास ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. या शब्दात मान आहे आणि धनही आहे. त्यांपैकी त्या बाईंच्या पदरात किती पडते, हे घरी जाताना आपण स्वतःलाच विचारावे.