बस नेमकी कुणाची? पुण्याच्या पीएमपीचा इतिहास वाचताना

माझं गाव दुधनी. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं, कर्नाटकच्या सीमेजवळचं. गावाकडं बस म्हणजे एसटी, आणि ती आली नाही की शिव्या थेट महामंडळाला! पुण्यात आल्यावर मात्र हा हिशोब चुकला. इथं जाब विचारायचा कुणाला, याच प्रश्नातून माझा संशोधन विषय निघाला.

आधी पुण्यात पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पीसीएमटी अशा दोन वेगळ्या सेवा होत्या. शहरं एकमेकांत मिसळली, सेवा मात्र वेगळ्याच राहिल्या. 2007 मध्ये दोन्ही एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. कंपनी केली म्हणजे कारभार व्यावसायिक होईल, राजकारण दूर राहील, अशी अपेक्षा होती.

पण सत्ता कुठं गेली ते बघा. कंपनीवर प्रमुख म्हणून सनदी अधिकारी नेमतं राज्य सरकार. तोटा भरतात दोन्ही महापालिका, पुणे 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के. भाडेवाढीला मंजुरी लागते परिवहन प्राधिकरणाची. शिवाय बस हद्दीबाहेरच्या गावांतही जाते, आणि तिथला प्रवासी महापालिकेचा मतदारच नसतो. म्हणजे राजकारण गेलं नाही, विभागलं गेलं.

आता एक योगायोग. 1 जून 2025 पासून किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. दोन्ही महापालिकांत मार्च 2022 पासून प्रशासक होते, निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. म्हणजे किमान तिकीट दुप्पट झालं तेव्हा सभागृहात विरोध करायला नगरसेवकच नव्हते.

इथं मोह होतो लिहायचा की 'नगरसेवक नव्हते म्हणून भाडं वाढलं'. थांबा! दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळं दुसरी घडली असं नाही. डिझेल, पगार, तोटा ही कारणंही आहेतच. मग तपासायचं कसं? नगरसेवक असताना भाडेवाढीचे प्रस्ताव आले होते का, कुठल्या टप्प्यावर अडले, कुणी अडवले, हे संचालक मंडळाच्या आणि मुख्य सभेच्या इतिवृत्तांत शोधायचं. प्रस्ताव अडलेच नसतील, तर माझा तर्क कोसळला. तेही उत्तरच आहे.

विषय निवडताना एवढंच करा: 'सार्वजनिक वाहतुकीचं राजकारण' असं मोघम लिहू नका. एक निर्णय धरा आणि विचारा, सही कुणाची, पैसा कुणाचा, आणि थांब्यावर उभं कोण?