वस्तरा खाली ठेवणारे आणि वस्तरा हाती घेणारी : शांताबाई यादव यांची गोष्ट

१/ कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यात हसूरसासगिरी नावाचे एक लहान गाव आहे. १९८४ साली या गावातील एका विधवा स्त्रीने दिवंगत पतीचा वस्तरा हाती घेतला आणि पुरुषांची दाढी-कटिंग करण्यास प्रारंभ केला. त्यांचे नाव शांताबाई श्रीपती यादव. भारतातील पहिली महिला नाभिक म्हणून पुढे त्यांचा गौरव झाला. हा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ नाभिक समाजातील दोन नावे इतिहासप्रेमींना पाठ असतात. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार रोखणारे जिवा महाला, आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवरायांचे सोंग घेऊन प्राण देणारे शिवा काशीद. शांताबाईंच्या कथेत गड नाही, लढाईही नाही. मात्र ती समजण्यासाठी गावगाड्याच्या इतिहासात डोकवावे लागते.

३/ जुन्या मराठी गावात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने आपले बलुते घ्यायचे, अशी ही व्यवस्था. लग्नकार्यातही त्याला ठरलेली कामे आणि ठरलेला मान असे.

४/ वस्तरा, कातर, वाटी, आरसा ज्या चामडी पिशवीत राहत तिला धोकटी म्हणत. ही धोकटी बापाकडून मुलाकडे जाई. घरात मुलगा नसेल तर भाऊबंदांपैकी कोणी ती उचले. घरातील स्त्रीने ती खांद्याला लावून पुरुषांच्या दाढ्या करायला निघावे, याला गावगाड्यात जागाच नव्हती.

५/ याच वस्तऱ्याची एक काळी बाजूही होती. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन करीत. हे काम नाभिकाला बोलावून करून घेतले जाई. कित्येकदा ती विधवा म्हणजे अजाण मुलगी असे. रूढी लादणारे वेगळे असत; प्रत्यक्ष वस्तरा मात्र नाभिकाच्या हाती असे.

६/ १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी या कामास नकार दिला. सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांचे केशवपन करायचे नाही, असे ठरले. हातावर पोट असणाऱ्या माणसांनी आपली मिळकत सोडून घेतलेला हा निर्णय होता.

७/ आता शांताबाईंकडे वळू. त्यांचे लग्न वयाच्या बाराव्या वर्षी झाले. पती श्रीपती यादव आर्दाळ गावचे. भावांमध्ये मिळून तीन एकर जमीन होती. वाटण्या झाल्यावर श्रीपतींच्या वाट्याला एकरभरही आली नाही. ते गावोगाव फिरून हजामती करू लागले, तरी मिळकत अपुरी पडे आणि कर्ज वाढत राही.

८/ हसूरसासगिरीत तेव्हा नाभिक नव्हता. सभापती हरिभाऊ कडूकर यांनी श्रीपतींना तेथे येऊन राहण्याचे सुचवले आणि कुटुंब या गावी आले. पुढील काळात शांताबाईंना सहा मुली झाल्या. त्यांपैकी दोघी लहानपणीच दगावल्या.

९/ १९८४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने श्रीपतींचे निधन झाले. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटी वर्षाचीही नव्हती. शांताबाई शेतमजुरीला जाऊ लागल्या. आठ तास राबल्यावर हाती पडत पन्नास पैसे. जमिनीच्या बदल्यात सरकारकडून मिळालेले १५,००० रुपये कर्ज फेडण्यात गेले. मुलींसह आयुष्य संपवावे, या विचारापर्यंत त्या येऊन ठेपल्या.

१०/ त्या वेळी हरिभाऊ पुन्हा पुढे आले. श्रीपती गेल्यापासून गावाला नाभिक उरला नव्हता. तो व्यवसाय शांताबाईंनीच का करू नये, असे त्यांनी विचारले. बाईमाणसाने हे काम कसे करायचे, हा प्रश्न शांताबाईंनाही पडला. पण समोर चार मुली होत्या.

११/ हरिभाऊ त्यांचे पहिले गिऱ्हाईक झाले. याचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. सल्ला देणे सोपे असते. सभापतीने चारचौघांदेखत एका विधवेच्या वस्तऱ्याखाली मान दिली, तेव्हा गावातील इतर पुरुषांनाही वाट मोकळी झाली.

१२/ तरीही टवाळी चुकली नाही. आसपासच्या गावांतही लोक हसले. कडाल, हिडदुगी, नरेवाडी या गावांत नाभिक नव्हता. मुलींना शेजाऱ्यांकडे सोपवून शांताबाई चार-पाच किलोमीटर चालत तेथे जात. हात बसत गेला, तशी गिऱ्हाइके वाढली आणि टवाळी मागे पडली.

१३/ तेव्हा दाढी-कटिंगचा दर होता एक रुपया. पुढे त्या म्हशीही भादरू लागल्या. अंगावरचे केस काढले की म्हशीला उन्हाळा सुसह्य होतो आणि उवा-गोचिडांचा त्रास घटतो. हे काम कष्टाचे आणि जोखमीचे. त्याचे पाच रुपये मिळत, म्हणजे पाच माणसांच्या हजामतीएवढे.

१४/ त्याच वर्षी ‘तरुण भारत’ने त्यांची बातमी छापली आणि हसूरसासगिरीची ही हकिकत जिल्ह्याबाहेर पोहोचली. सत्कार झाले, पुरस्कार मिळाले. १९८५ मध्ये शासकीय घरकुल योजनेतून डोक्यावर हक्काचे छप्परही आले.

१५/ वस्तऱ्याच्या या कमाईवर शांताबाईंनी चारही मुलींची लग्ने लावून दिली आणि त्या दहा नातवंडांच्या आजी झाल्या. सत्तरी गाठल्यावरही त्यांचे काम थांबले नव्हते. तरुण पोरे नव्या सलूनकडे वळली, पण गावातील वडीलधारी मंडळी शांताबाईंकडेच येत राहिली. दर तोवर पन्नास रुपयांवर गेला होता, म्हशीचा शंभरावर.

१६/ ‘पहिली महिला नाभिक’ हे बिरूद वृत्तपत्रांना आवडते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र दोन सालांकडे पाहावे. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवेच्या डोक्यावरून वस्तरा काढून घेतला. त्यानंतर ९४ वर्षांनी त्याच व्यवसायातील एका विधवेने तो स्वतःच्या हाती घेतला आणि त्यावर चार मुलींचे घर उभे केले.

१७/ १८९० च्या नाभिकांपैकी बहुतेकांची नावे आज कोणी सांगत नाही. शांताबाईंचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण एका बातमीदाराने ते वेळीच नोंदवले. प्रत्येक तालुक्यात अशी एखादी आजी असते, जिच्या हातच्या कामावर एक अख्खे घर उभे राहिलेले असते. तिचा इतिहास लिहायचा तर ती बोलती असतानाच तिच्याजवळ बसावे लागते.