सर्पदंशाचे इंजेक्शन आणि घोड्याचे उपकार

साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते कशापासून बनते? 'सापाच्या विषापासून' असे उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धेच बरोबर आहे. विष सापाचे असते, पण औषध तयार होते घोड्याच्या शरीरात!

ही गोष्ट सुरू होते १८९० साली बर्लिनमध्ये. एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे कितासातो यांनी दाखवून दिले की, प्राण्याला धनुर्वाताचे विष अगदी थोडे थोडे टोचले तर त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारे घटक तयार होतात. त्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला दिला की तोही वाचतो. घटसर्पावरील सीरमच्या कामासाठी बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले.

मग घोडाच का? घोडा मोठा, माणसाळलेला, आणि त्याच्या शरीरात रक्त भरपूर. १९२५ साली अलास्कातील नोम या गावात घटसर्पाची साथ आली. तेव्हा कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी बर्फातून सुमारे ६७४ मैल धावत, साडेपाच दिवसांत सीरम पोचवले. त्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये आजही आहे. ज्याच्या रक्तातून ते सीरम आले, त्या घोड्याची मात्र कोणाला आठवण नाही.

एका घोड्याचे नाव मात्र इतिहासात राहिले, तेही दुःखद कारणाने. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात जिम नावाचा घोडा होता. पूर्वी तो दुधाची गाडी ओढायचा. पुढे तीन वर्षे त्याच्या रक्तापासून घटसर्पाचे सीरम बनवले गेले. १९०१ साली त्याला धनुर्वात झाला. त्या काळात काढलेले सीरम नीट तपासणी न होता वापरले गेले आणि १३ मुले दगावली. त्यानंतर १९०२ साली अमेरिकेत लस व सीरम बनवणाऱ्यांसाठी परवाना आणि तपासणीचा कायदा झाला. आज आपल्या औषधाच्या प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर आणि मुदत असते, त्यामागे असे अनुभव आहेत.

सापाच्या विषावर हीच युक्ती फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात वापरली. नागाच्या विषावरचे सीरम सगळ्या सापांवर चालेल असे त्यांना वाटले. पण ब्राझीलच्या वितल ब्राझील यांनी सिद्ध केले की, ज्या सापाचे विष त्यालाच ते प्रतिविष लागू पडते. म्हणून आपल्याकडचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर मिळून बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. त्यामुळे साप ओळखण्यासाठी त्याला मारून आणण्याची गरज नाही.

आणखी एक आश्चर्याची गोष्ट. या औषधाचा डोस वजनावर ठरत नाही. पाच वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना सारखाच डोस लागतो, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही!

घोड्याची प्रथिने काहींच्या शरीराला मानवत नाहीत, रिॲक्शन येऊ शकते. म्हणून हे इंजेक्शन रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यायचे असते.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले अनेक मृत्यू औषध नसल्यामुळे नव्हे, तर मांत्रिकाकडे वेळ गेल्यामुळे होतात. तेव्हा एवढे करा :

• चावलेला हात-पाय हलवू नका, फळीला बांधून स्थिर ठेवा.
• अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा.
• दोरीने आवळू नका, कापू नका, चोखू नका.
• मण्यारच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे सकाळी पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर लगेच रुग्णालय गाठा.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळ घोडे आपल्यासाठी हे काम करत आहेत. आपण फक्त वेळेवर पोचायचे आहे.