'ब्लू लेडी'चा अखेरचा किनारा

फ्रान्समधील सँ-नाझेरच्या गोदीत ११ मे १९६० रोजी एक जहाज पाण्यात उतरलं. नाव 'फ्रान्स', लांबी ३१५ मीटर. त्या वेळी जगातलं सर्वांत लांब प्रवासी जहाज ते हेच. पण लोक जेट विमानांकडे वळले, तेलाचे भाव भडकले आणि १९७४ मध्ये ते थांबलं. पुढे एका नॉर्वेजियन कंपनीनं ते विकत घेऊन 'नॉर्वे' या नावानं कॅरिबियन सफरींवर धाडलं. २००३ मध्ये मायामी बंदरात बॉयलर फुटून आठ खलाशी मरण पावले. त्यानंतर त्यानं पुन्हा प्रवासी नेले नाहीत.

जहाज म्हातारं झालं की त्याला भंगाराचा भाव येतो. 'ब्लू लेडी' हे नवं नाव घेऊन ते २००६ मध्ये गुजरातेतल्या अलंगला आलं. अलंगच का? तर खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत सुमारे दहा मीटरचा फरक पडतो. उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते चिखलात टेकतं. मग पलंग, आरसे, कपबशा बाजारात जातात आणि गॅसकटरनं पोलादाचे पत्रे कापले जातात. ते गिरण्यांत पोचतात, त्यांच्या सळया होतात. आपल्या मुंबईतही दारूखान्यात हाच धंदा चालत आला आहे.

श्रोतेहो, प्रश्न होता तो जहाजाच्या पोटातल्या अॅस्बेस्टॉसचा. आगीपासून बचावासाठी तो जुन्या जहाजांत सर्रास वापरत. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि कर्करोगही होतो, पण बहुधा वीस-तीस वर्षांनी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका पारड्यात बाराशे टनांहून अधिक अॅस्बेस्टॉसयुक्त माल, दुसऱ्यात ४१ हजार टन पोलाद आणि ७०० कामगारांचा रोजगार. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली.

भारतानं २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला. हाँगकाँग इथं २००९ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. आता जहाजातल्या घातक पदार्थांची यादी सोबत द्यावी लागते. ही यादी कामगाराच्या हाती, त्याला कळेल अशा भाषेत पोचायला हवी. पोलादाचा हिशेब वजनकाट्यावर लगेच होतो. श्वासाचा हिशेब व्हायला मात्र वर्षं लागतात, आणि तोवर कामगार ओडिशा-बिहारातल्या आपल्या गावी परतलेला असतो.