गीताची नाममुद्रा आणि गीताचे वेष्टन

१

माध्यमविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत एक प्रकल्प आता रूढ झाला आहे. विद्यार्थ्यांनी चार-सहा गीतांचा एक संच योजावा, त्याचे वेष्टन आखावे आणि त्यांतील एका गीताची चित्रफीत तयार करावी, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. या आखणीचा विचार बहुधा रंगसंगती, अक्षरवळण, छायाचित्र आणि चित्रणस्थळ यांपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. वेष्टन म्हणजे ग्राहकाचे लक्ष वेधणारी सजावट, असा समज त्याच्या मुळाशी असतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. ‘हे गीत कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर गीतासोबत चालते ठेवण्यासाठी ज्या खुणा निरनिराळ्या काळी योजल्या गेल्या, त्यांचीच वेष्टन ही एक अवस्था आहे. त्या खुणांचा प्रवास थोडक्यात तपासून, सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात असा प्रकल्प हाती घेतल्यास या इतिहासातून काय निष्पन्न होते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठी गीतपरंपरेत कर्त्याचे नाव प्रथम गीताच्या आतच होते. अभंगाच्या अखेरीस येणारी ‘तुका म्हणे’ किंवा ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा सर्वांच्या परिचयाची आहे. शाहिरांनीही हा प्रघात पाळला. होनाजी बाळा या जोडनावाचा विचार या दृष्टीने उद्बोधक आहे. होनाजी शिलारखाने हा रचनाकार आणि बाळा करंजकर हा गायक. दोघांची नावे एकाच मुद्रेत एकवटली आणि रचना करणारा व गाणारा या दोघांचेही श्रेय एकत्र टिकले. सोलापूरचा रामजोशी याच शाहिरी परंपरेतला. त्याच्या चरित्रावर 1947 साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला, यावरून त्याच्या नावाचा लोकस्मृतीवरील ठसा किती खोल होता, हे ध्यानी येते.

गीताबरोबर पाठ होणारी ही खूण टिकाऊ असते, कारण ती काढली तर कडवेच मोडते. तथापि तिच्यात एक उणीव आहे. ती कोणालाही उचलता येते. तुकारामांच्या नावावरील प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न आणि संत नामदेव व विष्णुदास नामा यांच्या रचनांची झालेली सरमिसळ या गोष्टी अभ्यासकांस ठाऊक आहेतच. आतील नाव टिकते, पण त्याची शहानिशा करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

३

ध्वनिमुद्रणाने ही व्यवस्था पालटली. 1902 साली फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. तबकड्यांचे ठसे जर्मनीतील हॅनोव्हर येथे घेतले जात. तेथील कारागिरांना भारतीय भाषा समजत नसल्याने गाणे संपताच गायिकेने आपले नाव इंग्रजीत उच्चारावे, अशी योजना करण्यात आली. गौहरजान हिच्या तबकड्यांवरील ही घोषणा प्रसिद्ध आहे. नाममुद्रा कवितेतून निघून कंठात आली, असे या घटनेचे वर्णन करता येईल. मात्र हा बदल केवळ जागेचा नव्हता. मुद्रा रचनाकाराची होती, घोषणा गाणारीची झाली. रचनाकार येथे प्रथम मागे पडला.

पुढे तबकडीच्या मधोमध छापील लेबल स्थिरावल्यावर या घोषणेची गरज उरली नाही. लेबलावर गायकाचे नाव, गीताचे आरंभीचे शब्द, कंपनीचे चिन्ह आणि अनुक्रमांक असे. हा अनुक्रमांक संशोधकास अमोल आहे, कारण कंपनीच्या नोंदींशी ताडून त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवता येतो. मुद्रेस जे साधले नव्हते, ते लेबलास साधले. पण लेबल छापण्याचा अधिकार कंपनीचा होता, आणि नाव कोणते छापावे हे तीच ठरवी. 1930 च्या दशकाच्या आरंभी गंगूबाई हनगल यांच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या, ग. ना. जोशी यांच्यासमवेत त्यांनी गायिलेली मराठी भावगीतेही त्याच नावाने प्रसिद्ध झाली. केवळ लेबल पाहणाऱ्यास गांधारी आणि किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई या दोन भिन्न व्यक्ती वाटाव्यात, अशी ही स्थिती होती.

‘अल्बम’ हा शब्दही याच काळातला. अनेक तबकड्या एकत्र ठेवण्यासाठी छायाचित्रांच्या वहीसारखी बांधीव वही मिळे, तिला हे नाव पडले. या वह्या आरंभी साध्या करड्या-तपकिरी पुठ्ठ्याच्या असत. अमेरिकेत ॲलेक्स स्टाइनवाइस याने 1940 च्या सुमारास कोलंबिया कंपनीसाठी त्यांवर चित्रे काढण्यास आरंभ केला. 1948 साली दीर्घ वादनाची तबकडी आल्यावर बारा इंची चौरस वेष्टन हे चित्रकाराचे स्वतंत्र क्षेत्र बनले. त्याच्या पाठीमागील कोऱ्या जागेवर रचनाकार, संगीतकार आणि साथीदार यांची माहिती देणे शक्य झाले. लेबलावर जागेअभावी गळालेली नावे वेष्टनाच्या पाठीवर परत येऊ शकली. सजावट आणि साक्ष यांची सांगड याच टप्प्यावर पडली, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

४

बोलपटाने मात्र नवा गोंधळ निर्माण केला. पार्श्वगायनाची पद्धत 1935 पासून रुळू लागली आणि पडद्यावर दिसणारी व्यक्ती व ऐकू येणारा आवाज यांची फारकत झाली. 1949 च्या ‘महल’ या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. हे चित्रपटातील पात्राचे नाव होय. आवाज लता मंगेशकर यांचा होता. गायिका कोण, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी नभोवाणीकडे पाठवली, तेव्हा तिचे नाव जाहीर झाले. रचनाकाराच्या बाबतीत ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटाचा दाखला घेता येईल. त्यातील ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी लिहिले असूनही ते तुकारामांचाच अभंग आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ राहिली. चित्र जितके प्रभावी, तितके त्यामागील कर्त्याचे नाव झाकले जाण्याचा संभव अधिक, असे अनुमान या दोन उदाहरणांवरून निघते. चित्रफीत करणाऱ्या विद्यार्थ्याने ते विशेषेकरून ध्यानात ठेवावे.

1963 साली फिलिप्स कंपनीने आणलेल्या कॅसेटने 1980 च्या दशकात भारतीय बाजारपेठ व्यापली. पीटर मॅन्युएल यांनी आपल्या 1993 च्या ग्रंथात या स्थित्यंतराचे सविस्तर विवेचन केले आहे. स्थानिक भाषांतील आणि छोट्या गावांतील गायकांना कॅसेटमुळे प्रथमच बाजार मिळाला. त्याचबरोबर नकली प्रती आणि जुन्या गीतांची नव्या आवाजातील मुद्रणे यांचाही सुकाळ झाला. वेष्टन आता तळहाताएवढ्या घडीच्या कागदावर आले. मूळ चित्रपटाचे नाव ठळक आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत, हा प्रकार वाढला.

कायद्याने येथे हस्तक्षेप केला. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमात 1984 साली 52अ हे कलम घालण्यात आले. ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे त्यायोगे बंधनकारक झाले. ‘हम आपके हैं कौन’ (1994) या चित्रपटाच्या गीतांच्या पुनर्मुद्रणावरून दिल्ली उच्च न्यायालयात 1995 साली जो वाद झाला, त्यात कॅसेटचे नाव आणि वेष्टनाची मांडणी हाच कळीचा मुद्दा होता. 2012 च्या दुरुस्तीने आलेले 31क हे कलम त्यापुढे गेले. नव्या आवाजातील मुद्रणाच्या वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र देता येत नाही, आणि ते पुनर्मुद्रण असल्याचे स्पष्ट लिहावे लागते.

परंतु या तरतुदींची मर्यादाही पाहिली पाहिजे. 52अ कलम निर्माता आणि हक्कधारक यांची नावे मागते. कवी, संगीतकार, ढोलकीवाला यांची मागत नाही. कायद्याने मालकी सांभाळली; कर्तृत्व सांभाळण्याचे काम संपादकाच्या विवेकावर सोडले.

चित्रफितीचा इतिहासही यास दुजोरा देतो. एमटीव्ही ही वाहिनी 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाली. तिच्यावरील प्रत्येक फितीच्या आरंभी व अखेरीस गीत, गायक, अल्बम आणि कंपनी यांची नावे येत. दिग्दर्शकाचे नाव मात्र 1992 पर्यंत येत नसे. आज गीत बहुतांशी वेष्टनावाचूनच हिंडते. प्रत्येक ध्वनिमुद्रणास बारा चिन्हांचा आंतरराष्ट्रीय सांकेतांक देता येतो. तो मुद्रण ओळखतो, कवी ओळखत नाही. आणि फितीचा तुकडा कापून पुढे पाठवला, की सोबतची माहिती मागेच राहते.

५

आता सोलापूरकडे वळू. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी चालू झाली, तिलाच पुढे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर टॉवेल व चादरी विणल्या जातात. तेलंगणातून आलेले तेलुगुभाषी पद्मशाली विणकर, तसेच कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे कामगार ही या शहराची ओळख आहे. मागावरच्या जीवनाविषयीचे एखादे गीत विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी निवडले आहे, असे गृहीत धरू.

पहिली अडचण ध्वनीची येईल. यंत्रमाग चालू असता कारखान्यात गायन मुद्रित करणे शक्य नाही. म्हणजे गीत अन्यत्र मुद्रित होणार आणि चित्रण मागांपाशी होणार. ज्याचा आवाज तो पडद्यावर नसेल, जो पडद्यावर तो गायक नसेल. ‘महल’च्या वेळचा प्रश्न येथे जसाच्या तसा उभा राहतो. दुसरी अडचण लिपीची. गाणाऱ्याची भाषा तेलुगु आणि वेष्टन मराठीत असेल, तर त्याचे नाव तो लिहितो त्या लिपीतही असले पाहिजे. अन्यथा उच्चारभेदाने एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण ‘पारंपरिक’ या शब्दाची. कवी ठाऊक नसला की हा शब्द छापण्याची सवय आहे. तो लिहिताच पुढील शोधाची वाट बंद होते. त्याऐवजी गीत कोणाकडून, कोठे आणि कोणत्या दिवशी ऐकले, हे नमूद केल्यास पुढील संशोधकास एक धागा हाती लागतो.

या परिसरातील धंदाच येथे एक दृष्टांत पुरवतो. कापडावर नाव घालण्याचे दोन मार्ग आहेत. छापील चिठ्ठी चिकटवता येते; तिच्यावर पुष्कळ मजकूर मावतो, पण पहिल्या धुण्यातच ती जाते. जॅकार्डच्या साहाय्याने नाव विणीतच घालता येते; त्यात अक्षरे थोडी मावतात, पण कापड असेतो ती राहतात. नाममुद्रा ही वीण होती, वेष्टन ही चिठ्ठी आहे. पहिलीची शहानिशा होत नाही, दुसरी टिकत नाही. म्हणून प्रकल्पाच्या आखणीत दोहोंची योजना हवी. वेष्टनावर कवी, संगीतकार, गायक, वादक, ध्वनिमुद्रक यांची नावे, स्थळ, दिनांक आणि कायद्याने मागितलेला तपशील सविस्तर द्यावा. चित्रफितीत मुख्य नावे केवळ शेवटच्या नामावलीत न ठेवता दृश्यातच अशी गुंफावी, की तुकडा कापला तरी ती त्यासोबत जातील. कारखान्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेले नाव किंवा चादरीच्या काठात विणलेले नाव, अशी साधने या परिसरात सहज लाभतात.

विद्यार्थ्यांचा प्रकल्प गुणांसाठी केला जातो आणि वर्षअखेरीस कपाटात जातो, हे खरे. परंतु ज्या विणकराचे गीत त्यात आहे, त्याच्या आवाजाची ती कदाचित एकुलती एक नोंद असेल. त्या नोंदीवर त्याचे नाव आहे किंवा नाही, यावर पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक त्यास कवी म्हणून ओळखेल की ‘पारंपरिक’ या एका शब्दात गुंडाळील, हे अवलंबून राहील.