काच आणि पाऊस

पेडणे तालुक्यातील कोरगावात मृगाचा पाऊस एकदा धरला, म्हणजे खाजणाच्या बांधाकडची वाट आणि आभाळ यांतील भेद मावळतो. उन्हाळाभर उडालेली जांभ्याची तांबडी धूळ मोटारीच्या समोरच्या काचेवर बसलेली असते. पहिल्या सरीने तिचा चिखल होतो आणि वायपरचा पहिलाच फेरा त्याचे पट्टे ओढतो. समोरून छत्री घेऊन येणारा माणूस वेळेवर दिसणे मग त्या काचेवर अवलंबून राहते.

हा प्रश्न जगाला जुनाच आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कला बर्फाळ पावसात ट्रामच्या चालकाचे हाल पाहिले आणि आतून दांड्याने फिरविता येणाऱ्या रबरी पट्टीचे पेटंट 10 नोव्हेंबर 1903 रोजी मिळविले. व्यापाऱ्यांना त्यात नफा दिसला नाही. 1920 मध्ये पेटंटची मुदत सरली आणि तीच वस्तू पुढे सर्वत्र रूढ झाली. बाईंच्या पदरी मात्र काहीच पडले नाही.

पुढे इंजिनाच्या शोषणावर चालणारे वायपर आले. चढणीवर इंजिनावर भार पडला की ते मंदावत, म्हणजे घाटात नेमके गरजेच्या वेळी दगा देत. विजेवर चालणाऱ्या वायपरांनी ही उणीव दूर केली.

तथापि वायपर पाणी सारतो, तेलकटपणा सारीत नाही. म्हणून आपल्याकडील चालक काचेवर ओली तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळीत. त्याने पाणी थेंब न धरता सपाट पसरते आणि पलीकडचे दिसू लागते. 1970 च्या दशकात बाजारात आलेल्या सिलिकॉनयुक्त द्रवांनी उलट मार्ग धरला. त्यांच्यामुळे पाण्याचे गोल मणी होतात आणि वेगाच्या वाऱ्याने ते उडून जातात. परंतु कोरगावच्या वळणावळणाच्या रस्त्यावर एवढा वेग कोठून यावा? तेथे मणी काचेवरच थबकतात आणि रात्री समोरच्या दिव्यात चमकून डोळे दिपवितात.

उपाय साधा आहे. काच कोरडी पुसू नये; धुळीतील कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, साबणाने तेलकटपणा काढावा, वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसावे आणि शेवटी काच आतूनही स्वच्छ करावी. लेप त्यानंतरचा. सव्वाशे वर्षांत साधने पुष्कळ बदलली. गाडी काढण्यापूर्वीची ही पाच मिनिटे मात्र कोणत्याही यंत्राने वाचविलेली नाहीत.